मोठ्याने उच्चारलेले नाव

काका,

‘तीर्थरूप’ लिहिणे हाताला जमले नाही.

बाबा युद्धाच्या आघाडीवरून पळून गेले, असे तुम्ही चारचौघांत सांगत राहिलात आणि घरात त्यांचे नाव काढण्यास बंदी केलीत. आज सातासमुद्रापारच्या स्मारकावर, लढताना मेलेल्यांच्या भिंतीवर, तेच नाव कोरलेले पाहिले.

स्मरणसभेत प्रत्येक कुटुंबाने आपल्या माणसाचे नाव ध्वनिक्षेपकावर घ्यायचे होते. मी ते पूर्ण आणि स्पष्ट उच्चारले. शेजारी उभ्या आईने माझा हात घट्ट दाबला.

“हळू बोल गं, भावजी ऐकतील.”

माफी मागायला मात्र येऊ नका. तुम्हाला पाहून ती सवयीने उठून उभी राहील, आणि ते मला पाहवणार नाही.

तुमच्या भावाची मुलगी