आवाज बंद ठेवून पाहिलेला सिनेमा

अब्बा, तुमची वही माझ्याकडे आली आहे. इथे कुवेतमध्ये, फहाहीलच्या दुकानातर्फे तुम्ही ज्या घरात मोठा पडदा आणि स्पीकर बसवले होते, तिथल्या मालकांच्या मुलाचा गेल्या आठवड्यात अम्मीला फोन आला. अम्मीनं तो माझ्या हातात दिला. वडील वारले, घर पाडून नवं बांधायचं आहे, दिवानियाच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, मागच्या खोलीत एक जुनं मशीन, कॅसेटींचा खोका आणि ही वही सापडली, असं त्यानं इंग्रजीत सांगितलं. पहिल्या पानावर अम्मीचा नंबर होता आणि अम्मीनं तो अजून बदललेला नाही. बाकी अक्षरं त्याला लागत नव्हती, कारण ती मराठी होती. ऑफिस सुटल्यावर मी कुवेत सिटीहून थेट तिकडे गेले आणि परत निघायच्या आधी गाडीत बसूनच वही उघडली.

त्या कॅसेटी आता कुणाला आठवतही नसतील. दिसायला आपल्या घरातल्या व्हिडिओ कॅसेटसारख्याच, पण आत हाय डेफिनिशन चित्र. डिस्कवर तसं चित्र यायला अजून काही वर्षं होती. मालक अमेरिकेला गेले की असले सात-आठ सिनेमे घेऊन यायचे आणि ते फक्त त्या एका जड मशीनवर चालायचे. गुरुवारी संध्याकाळी दिवानियात पाहुणे जमत. त्यांच्यासमोर चित्र फुटून चौकोन चौकोन दिसले तर मालकांची मान खाली जाणार, म्हणून नवी कॅसेट आली की ती आधी तुम्ही एकट्यानं पाहायची. टेपमध्ये डिस्कसारखी मध्येच उडी मारता येत नाही, त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेजारच्या खोलीत मालकांची आजारी आई दुपारची झोपलेली असायची, म्हणून आवाज बंद. खाली अक्षरं उमटत नसत आणि उमटली असती तरी उपयोग नव्हता. आठवीनंतर शाळा सोडून रत्नागिरीहून निघालेल्या माणसाला मशीनच्या बटणांवर लिहितात तेवढंच इंग्रजी येत होतं.

शुक्रवारी दुपारी जेवताना तुम्ही ते सिनेमे आम्हाला सांगायचात. मी आठ-नऊ वर्षांची आहे, दस्तरखानावर तुमच्या अगदी समोर बसले आहे, आणि तुम्ही आधी गोष्ट नाही, चित्र सांगताय. म्हाताऱ्याच्या स्वेटरचा टाका उसवलेला दिसतो म्हणताय. एवढं स्वच्छ चित्र जगात कुठे नाही म्हणताय. तो म्हातारा तुमचा लाडका होता. बेटावरच्या दीपगृहात एकटाच राहायचा. त्यानं मुलीला शिकायला शहरात पाठवलेलं असतं आणि किनाऱ्यावरचे लोक त्याला हसत असतात. तो रोज दिव्याच्या काचा पुसतो. शेवटी धुक्यातून होडी येते, मुलगी उतरते, बापाचा हात धरते आणि त्याला आपल्याबरोबर घेऊन जाते. बारावीनंतर मामूंनी माझ्या लग्नाचं काढलं तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत, तीच गोष्ट पुन्हा सांगितलीत. सिनेमातलं सिनेमात ठेवा म्हणून मामू कुरकुरले. पण त्या जूनमध्ये मी पुण्याच्या कॉलेजात होते. आपल्या घरातलं कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी कुवेतला आले तेव्हा घर भरलेलं होतं. मामू, मामी, वरच्या मजल्यावरचे दोघे गाववाले. कुणीतरी म्हणालं, भाई, तो दीपगृहाचा सांगा. तुम्ही माझ्याकडे पाहून सुरुवात केलीत. मी तेव्हा नवी नवी शिकलेली. चुकीचं कानावर आलं की गप्प बसणं म्हणजे पाप, असं मानणारी. होडी किनाऱ्याला लागली तसं मी तुम्हाला थांबवलं. सांगितलं की मी बघितलाय हा सिनेमा, आणि म्हातारा खुनी आहे, लपून राहिलाय.

"ती त्याची मुलगी नाही, अब्बा. पोलीस आहे."

"असं होय," तुम्ही म्हणालात. "मग ती त्याचा हात का धरते?"

"बेडी घालायला."

मामूंनी हातातला घास खाली ठेवला. "भाई, शिकवा अजून. पोरीनं तुम्हालाच बेडी घातली की."

सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि मला वाटलं, बरं झालं, मनाला लावून घेतलं नाही. त्यानंतर तुम्ही कुठलाच सिनेमा सांगितला नाहीत. पुढच्या शुक्रवारी अम्मीनं विषय काढला तर तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. तिला विचार, तिला नीट माहीत असतं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागतं. मी शेवटच्या वर्षाला असताना फेब्रुवारीत तुम्ही गेलात. माझी डिग्री तुम्ही पाहिली नाहीत. त्याला आता अकरा वर्षं झाली.

वहीत प्रत्येक कॅसेटला एक पान आहे. किती मिनिटांवर चित्र फुटतं आणि त्या वेळी पडद्यावर काय चाललंय, म्हणजे ती जागा पुन्हा सापडावी. दीपगृहाच्या पानावर शेवटची नोंद अशी आहे: "१ तास ५२ मि. होडीतून पोलीस बाई. म्हाताऱ्याला बेडी. दोन सेकंद चौकोन."

बेडी ऐकावी लागत नाही, अब्बा. दिसते. ज्या चित्रात तुम्हाला स्वेटरचा उसवलेला टाका दिसत होता, त्यात ती दिसली नसेल, असं मला कसं वाटलं? एवढी शिकलेली मी, माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही.

घरी येऊन मी ते पान अम्मीला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती, तिनं मानही वर केली नाही. "त्यांना ठाऊक होतं की. तुझ्या मामूला खुन्याची गोष्ट सांगून तुझं कॉलेज झालं असतं का?" मग त्या दिवशी सगळे हसले तेव्हा ते बोलले का नाहीत, मी विचारलं. तू तरी का नाही बोललीस, हेही विचारलं. तेव्हा तिनं हातातली जुडी ठेवली. "मी बोलणार होते. मला म्हणाले, गप्प राहा. चार माणसांत बोलायला लागली माझी पोर."

मी मोरीत जाऊन नळ सोडला. तुम्ही त्या हसण्यात एकटे पडलात असं मी नंतर इतकी वर्षं समजत होते. तुम्ही तर खूश होतात माझ्यावर. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं, पण तसं होत नाही. त्या शुक्रवारपासून पुढचे सगळे शुक्रवार तुम्ही गप्प जेवलात आणि मी समोर बसून माझ्या कॉलेजच्या गोष्टी सांगत राहिले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिता येते आहे. अम्मीलाही ती सांगितलेली नाही. तो सिनेमा मी बघितलेला नव्हता. हॉस्टेलमध्ये मोबाईलवर त्याची गोष्ट वाचली होती, चार ओळींत. अजूनही बघितलेला नाही.