कोंडाजीची बडतर्फी

लोणावळे, श्रावण शुद्ध अष्टमी

प्रिय लीला,

लेकीच्या सुखरूप बाळंतपणाचं तुझं कार्ड पोचलं. नातीचं नाक माझ्यावर गेलंय, हे वाचून फार आनंद झाला. तोंड गोड करायला मात्र घरात करपलेल्या भाताखेरीज काही नव्हतं. का, ते सांगतो, मध्येच हसू नकोस.

पंचमीला आमच्या कचेरीतले जुने साहेब जेवायला यायचे होते. नवी गुलाबाची कलमं त्यांच्यासमोर लावून जरा मिरवावं, असा माझा बेत. कोंडाजीला खड्डे घ्यायला सांगितले, तर म्हणतो, रावसाहेब, आज नागपंचमी, माती उकरायची न्हाई, दुसरं काय बी सांगा. स्वयंपाकघरात त्याची धोंडाबाई विळी भिंतीला टेकवून बसलेली. आज चिरायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई. म्हणजे भाजी नाही, पोळी नाही आणि साहेब अकराच्या गाडीनं येणार.

हुकूम न पाळणाऱ्यांना नोटिसा लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. हात शिवशिवले. दोघांची बडतर्फी झोकदार अक्षरात लिहिली आणि ओसरीवर उभं राहून वाचून दाखवली. कोंडाजी म्हणाला, कामाला लागलो तवाच आमी बाईंना हे बोललो व्हतो, त्या व्हय म्हनल्या. मी विचारलं, कुठं लिहून ठेवलंय? त्यानं खराटा उचलला. अंगावर घेतलेला दिवस अर्धा टाकून जाणं त्यांना पटेना. त्यानं झाडलोट केली, पाणी भरलं. तिनं पुरणाचे दिंड उकडले. साहेबांनी सात खाल्ले आणि माझ्यादेखत तिला पुण्याला आपल्याकडे कामाला बोलावलं. ती म्हणाली, बाईंनी ठेवलंय, त्यांना इचारल्याबिगर कुटं जायची न्हाई. संध्याकाळी भांडी घासून, किल्ली कोनाड्यात ठेवून दोघं कुरवंड्याला आपल्या घरी निघून गेली. मी अडवलं नाही. ताठा होता ना.

तो ताठा दोन दिवसांच्या माझ्या स्वयंपाकानं उतरला. काल कुरवंड्यापर्यंत धापा टाकत गेलो आणि चुकलो म्हणालो. कोंडाजीनं बसायला घोंगडी दिली, ताक दिलं, आणि म्हणाला, बडतर्फी लिवून आली, तर माफी बी लिवूनच पायजे, अन् ती बाईंना.

म्हणून हे पत्र. बाजारातला दुकानदार नसीर हे दोघांना मोठ्यानं वाचून दाखवील. त्यांनी मान डोलावली तरच ते पोस्टात पडेल. तेव्हा खरं तेच लिहितो. त्यांना ठेवताना तू ही अट मला सांगितली होतीस आणि मी वर्तमानपत्रामागून हो म्हणालो होतो. मला ते त्या दिवशीही आठवत होतं. तुझ्यावाचून करमत नाही, हेही नसीर वाचणार हे ठाऊक असून लिहितो आहे. हे पत्र तुझ्या हाती पडलं, तर घरची चूल पेटली असं समज.

तुझाच,
त्रिंबक