घरात ऐकणारा माणूस

रविवार, १२ नोव्हेंबर

धाकटे,

खूप आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून या वेळी काही सांगत नाही.

इथे सगळं ठीक. थंडी सुरू झाल्यापासून लोकांचे कोट कपाटातून बाहेर आलेत आणि आपली पोटं सुटल्याचा शोध सगळ्यांना एकदमच लागलाय. त्यामुळे मला मान वर करायला फुरसत नाही. दिवसभर कुणाची ना कुणाची शिवण उसवते आणि बोटभर सैल करून परत घालते.

फोन सोडून ताईला पत्राची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. कारण साधं आहे. घरात आता ऐकणारा माणूस आहे. ह्यांनी कानाचं यंत्र घेतलं.

मी त्यासाठी किती जीव टाकला ते तुला माहीतच आहे. ह्यांचा जन्म छापखान्यात गेला, तिथल्या यंत्रांनी कान खाल्ले. विनवण्या झाल्या, भांडणं झाली, अबोला झाला. "मला पुरेसं ऐकू येतं," एवढंच ह्यांचं उत्तर. शेवटी लेक सुट्टीवर आली, तीच हाताला धरून घेऊन गेली. परत येताना आमच्या जिन्यात मध्येच थांबले आणि म्हणाले, "आपल्या जिन्याचा आवाज घुमतो." मी डोळ्यांना पदर लावला. लेकही रडली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मग आम्ही दोघंच उरलो.

आता ह्यांना सगळं ऐकू येतं. माझं शिलाई मशीन फार खडखडतं म्हणे. मी चपला घासत चालते म्हणे. एकदा पेपर खाली ठेवून विचारलं, "तू सारखी उसासे का टाकतेस?" मी म्हटलं, काही नाही. मी उसासे टाकते हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई पूर्वी ह्यांच्यासमोरच म्हणायच्या, कसं हो दिवस काढता या दगडाबरोबर. मी खिन्नपणे मान हलवायचे. खरं सांगू, बरं वाटायचं. त्या आता दारात येऊन ह्यांच्याशी साखरेत घोळून बोलतात आणि माझ्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. माझ्या नशिबाची कीव करायचं काम त्यांचं संपलं, आणि मलाही चुकल्याचुकल्यासारखं होतंय. हसू नकोस.

आणि दुसरं असं, की मी बोलायची बंद झाले.

हे तुला कधी सांगितलं नाही. ह्यांना ऐकू येईनासं झाल्यापासून मी ह्यांच्याशी फार बोलायला लागले होते. ह्यांची पाठ माझ्याकडे असायची, मी मशीनवर. गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी, तुझी काळजी, लेकीचा फोन आला नाही की तिच्यावरचा राग. तोंडावर ज्यांना "अहो" म्हणायचे, त्यांच्या पाठीला मी "अरे" म्हणायचे. अरे, आज तू दाढी केलीस ते बरं दिसतंय. अरे, तुझ्याशी लग्न केलं नसतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. काही बोलणी तर अशी, की ती तुलाही लिहिणार नाही. मनात यायचं, ह्यांना ऐकू आलं असतं तर ह्यांनी नक्की काहीतरी उत्तर दिलं असतं. कान गेले होते तोवर सगळा ठपका कानांवर ठेवता येत होता.

आता कान आले, आणि घरात मशीनशिवाय दुसरा आवाज नाही.

परवा दुपारी मला राहवलं नाही. ह्यांची पाठ होती तशीच. यंत्र कानात होतं, मी नीट पाहिलं. मग म्हटलं, "मला या घरात फार एकटं वाटतं."

ते वळले नाहीत. तसेच पाठमोरे म्हणाले, "हे तू मागेही म्हणाली होतीस."

माझा पाय मशीनवर तसाच थांबला. कधी, म्हणून विचारलं. तर म्हणाले, पुष्कळदा. समोरच्या खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसतं. थोडं ओठांवरून कळायचं, थोडं कानावर पडायचं. इतकेही ठार बहिरे नव्हते.

"मग एकदा तरी बोलायचं होतं."

"बोललो असतो तर तू थांबली असतीस," ते म्हणाले. "यंत्र त्यासाठीच घेत नव्हतो. बघ ना, थांबलीसच."

मला इतका संताप आला की हातातला कोट मी जमिनीवर टाकला. इतकी वर्षं चोरून ऐकलं या माणसानं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की मी बोललेलं वाया गेलं नाही, कुणीतरी ते जपून ठेवलंय. दोन्ही एकदम कसं वाटतं गं? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पाणी सोडून रडले, आवाज जाऊ नये म्हणून. ते दारापर्यंत आले, मला कळलं. तिथेच उभे राहिले. आत आले नाहीत. मीही मागे वळले नाही.

तेव्हापासून आम्ही फार जपून वागतोय. चहा घ्या. घेतो. ऊन आहे. हो, आहे. नवीन पाहुणे असल्यासारखे. एकमेकांशी तोंडावर बोलायची सवयच नाही आम्हाला, आणि या वयात पहिलं वाक्य कुणी म्हणायचं?

म्हणून लिहिते. गुडघा बरा असेल तर ये, नसेल तरीही ये. चार दिवस आमच्या दोघांच्या मध्ये बस. तू असलीस की मी तुला सांगेन ते ह्यांना ऐकू जाईल, आणि ते तुला सांगतील ते मला. तेवढं झालं की तू जा, मी अडवणार नाही.

येशील ना?

वाट बघणारी,
आणि न बोलता वाट बघणारे ते,
तुझी ताई