ट्रेवरच्या खडूच्या रेघा

अण्णा, आज चाकणच्या कंपनीत नव्या पोरांना शिकवताना मी तुमचं वर्कशॉप सांगितलं. संगणकापुढे एकदम शंभर कामं आली तर त्यानं आधी कुणाचं करायचं, हा विषय होता. कळ दाबून पडद्याकडे बघत बसलेल्या माणसाचं आधी, कारण ते क्षणात उरकतं आणि माणूस खोळंबलेला असतो. तासन्तास चालणारं, मुकाट काम मागे. पण ते जितकं थांबेल तितका त्याचा नंबर वर सरकवावा लागतो, नाहीतर ते कायमचं मागेच राहतं. पोरं जांभया द्यायला लागली, तेव्हा मला चिखलीतलं तुमचं लेथ मशीन आठवलं.

पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे पिनांची ऑर्डर चालू आहे. गिरणीवाला बोल्ट घेऊन दारात येतो. "अण्णा, गिरणी बंद पडलीय राव, एवढे आटे पाडून द्या." हातातला नग उतरला की तुम्ही त्याचं करता. पण भिंतीकडच्या रॅकवर थांबलेल्या प्रत्येक जॉबच्या ट्रेवर रोज सकाळी खडूची एक रेघ ओढता. पाच रेघा झाल्या की दारात कुणीही येवो, आधी तो ट्रे. कॉलेजात असताना मी मैत्रिणीच्या गाडीचा एक्सल असल्या ट्रेच्या पुढे घुसवला होता, तेव्हा केवढे चिडलात! "दारातल्याचं करावंच. पण जे बोलंना, त्याला इसरायचं न्हाई!"

पोरांना हे फार आवडलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचे वडील भारीच होते." मी हो म्हणाले, पण मान वर होईना. कारण मी अर्धंच सांगितलं होतं.

डोळ्यापुढं अंधारी येते, असं तुम्ही एकदाच म्हणालात. "सवडीनं जाऊ. तुझं काम आधी." मी पुढच्या रविवारी म्हणाले, मग त्याच्या पुढच्या. माझा फोन वाजायचा, तुमचा डोळा काही वाजत नव्हता. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा काचबिंदूनं एक डोळा गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, आधी का नाही आणलंत? मी उत्तर द्यायच्या आत तुम्हीच म्हणालात, "मीच बोललो न्हाई, सायेब." मी तुम्हाला तसं म्हणू दिलं. त्या वर्षी तुम्ही लेथ विकलं.

हे पत्र कुठं पाठवणार? पण एक गोष्ट तुमच्याशी कधीच बोलले नाही. त्याच्याही आधी, डोळे तपासून घ्या म्हणून चिखलीतल्या डॉक्टरनं दिलेली चिठ्ठी तुम्ही रॅकवरच्या एका रिकाम्या ट्रेत ठेवली होती. एका रविवारी मी ती पाहिली, ट्रेवरच्या रेघाही मोजल्या. नऊ होत्या. मला लाज वाटली, रागही आला, आणि तुम्ही चहा आणायला गेलात तेवढ्यात मी त्या रेघा ओढणीनं पुसून टाकल्या. पुढच्या रविवारी आले तेव्हा ट्रेवर सात रेघा होत्या. तुम्ही पुन्हा एकपासून सुरुवात केली होती.