फुल स्पीड आन् हाय स्पीड

…तर मामा, नाणी संपली आन् फोन मधीच कट झाला, म्हणून उरलेली फुशारकी कागदावर मारतोय. आधी तुम्हाला आन् मामींना वाकून नमस्कार. मामींची कंबर आता बरी हाय ना? आबांचे टाके कसे हायत? हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गायला बंदी केली तरी ते गोठ्यात शेरडांना ओव्या ऐकवत्यात, असं आई म्हणती. त्यांना आवरा. उद्या बिरोबाच्या जागराला दत्ताच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर त्यांचा आवाज लागणार हाय, आन् तो पोचवणारा त्यांचा नातू, तुमचा हा भाचा हाय, हे गावाला आवर्जून सांगा.

काल काय झालं ते ऐका. दिवाळीत आबांच्या ओव्यांचं तासाभराचं शूटिंग मी केलेलं, ते साडेतीन जीबीचं हाय (जीबी म्हंजी पायलीसारखं माप समजा). ते पेनड्राइव्हवर टाकून, गावाकडनं रोज हितल्या कंपनीत ये-जा करणाऱ्या मच्छिंद्रदादाकडं द्यायचं होतं. दादा शिफ्ट सुटल्यावर दारात गाडी चालूच ठेवून उभा. आन् आमचं लिनक्स (हे विंडोज न्हाई मामा, अख्ख्या रांजणगावात माझ्याकडंच हाय) म्हणतंय, अजून पन्नास मिनिटं. मी घाबरलो न्हाई. पेनड्राइव्ह काढून फुंकला, आईच्या कापसानं पुसला, परत घातला. पन्नासच. मग मी टर्मिनल उघडलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्लिश अक्षरं पळायला लागली, तसं दादानं गाडी बंद केली आन् चप्पल काढून आत आला.

त्या अक्षरांत स्पष्ट लिहिलेलं, 'फुल स्पीड'. मी इंग्लिश मीडियमचा, मला काय डिक्शनरी लागती का? मी दादाला सांगून टाकलं की फुल म्हंजी पूर्ण, याच्यापुढं स्पीडच नसतो, चहा घे. आई चूल सोडून बाहेर आली, पडद्याकडं बघितलं आन् म्हणाली, "तुझ्या मामाच्या एसटीवर बी जलदच लिवलेलं असायचं. हर लिंबाखाली थांबायची." (राग मानू नका मामा, तुमच्या कंडक्टरकीचा मला अभिमानच हाय.)

पण ते मला लागलं. मी मॅन्युअल काढलं. तर मामा, यूएसबीवाल्यांनी खरंच एसटीसारखा कारभार केलाय. फुल स्पीड म्हंजी त्यांची जुनी, मंद गाडी. फास्ट गाडी वेगळी, तिचं नाव 'हाय स्पीड'. आन् आपला पेनड्राइव्ह जुन्या गाडीत बसवला कुणी? मी पुण्याहून आणलेल्या चार तोंडांच्या, निळ्या दिव्याच्या हबनं. (ज्याची मी तुम्हाला गणपतीत दोन तास तारीफ केली, तोच. तो जुन्या जमान्याचा निघाला.) हब उपटला, पेनड्राइव्ह थेट सीपीयूच्या पाठीत घातला. पडद्यावर आलं 'हाय स्पीड'. मी मोठ्यानं वाचलं. दादा म्हणाला, "स्पीड हाय ना? मग झालं की. मगापासनं न्हाई कशाला म्हणत व्हतं?"

आन् काय सांगू, दोन मिनिटांत कॉपी खलास. पन्नासाची दोन. आपल्या घराण्यात मेंढरं हाकण्यात आबांचा हात कुणी धरला न्हाई, पण बिट आन् बाइट हाकणारा मीच पहिला. पेनड्राइव्ह ओढून काढला, दादाच्या खिशात घातला, आईनं दोघांवरनं मीठ उतरवलं.

तुमचा अभिमानी भाचा,
शंभू

ता.क. पेनड्राइव्ह जागराच्या आधी एकदा दत्ताकडं लावून बघा. सगळ्यांसमोर पहिल्यांदा लावू नका.

ता.क. दुसरं. आज मॅन्युअलचं पुढचं पान वाचलं. लिनक्स 'झालं' म्हणतं तवा झालेलं नसतं. माल आधी मेमरीत उतरवतं, मग सावकाश पेनड्राइव्हवर वाहतं, आन् तवर दिवा लुकलुकत राहतो. मी ओढला तवा लुकलुकत होता. मला वाटलं, खूश हाय. हे फोनवर सांगायची हिंमत झाली न्हाई, म्हणून दादाच्याच हाती हे पत्र. पेनड्राइव्ह तेवढा एकच, तो तुमच्याकडं, आन् उद्या कंपनीला सुट्टी म्हणून दादाचं येणं न्हाई. म्हणून मूळ शूटिंग ज्यात हाय तो आख्खा सीपीयूच मांडीवर घेऊन सकाळी शिरूरहून एसटीनं निघतो. पारगावला कुणाला तरी बाइकवर पाठवा, आन् मी येईस्तोवर आबांना गाऊ देऊ नका. फक्त एवढं सांगा, तुम्ही तीस वर्षं तिकिटं फाडलीत: आतमधी आबा असताना कंडक्टर त्या डब्याचं लगेज लावील, का ज्येष्ठ नागरिकाचं हाफ तिकीट? तुमचं काय मत?