बिब्बा कुणी बांधला

माय, तुला लिहिते आहे हे कळलं असतं तर तू म्हटलं असतंस, "कायले लिहून राहिली? तोंडानं सांगता येत नाही काय?" नाही येत. तू समोर बसून तांदूळ निवडायचीस तेव्हाही नाही आलं, आता तर तू नाहीसच. उलट उत्तर येणार नाही, एवढीच काय ती सोय.

पहिल्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे आले, ते गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या मागचंपुढचं साल. तुझ्या जावयाचं ऑफिस तिकडे गेलं, तोही गेला, आणि मी पवनीजवळच्या आपल्या गावात. पोरगा झाला, तू विहारात खीर वाटलीस. महिनाभरात त्याने रडायला सुरुवात केली आणि मग थांबायचं विसरूनच गेला. दूध पाजलं तरी रडणं, ढेकर काढला तरी रडणं. बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याने शेकलं, तुझ्या जुन्या लुगड्याच्या झोळीत हलवून हलवून माझे खांदे भरून आले. पवनीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, वजन वाढतंय, पोर ठणठणीत आहे, काही पोरं अशीच रडतात, दोन-तीन महिन्यांनी आपोआप कमी होईल. मला त्या ठणठणीतचाच राग आला. पोरात दोष नाही म्हणजे माझ्यातच असणार. गल्लीतून जाणारी प्रत्येक बाई दारात थांबून विचारायची, "काहून रडून राहिला वो?" जणू मी त्याला चिमटे काढत होते. तू मात्र धानाच्या रोवणीवरून चिखलाच्या पायांनी यायचीस, हातपाय धुऊन त्याला खांद्यावर टाकायचीस आणि म्हणायचीस, "गळा चांगला हाये पोट्ट्याचा. विहारात वंदनेले कामी येईन."

तुला थट्टा सुचायची, कारण तू दिवसभर बाहेर असायचीस. असं मला तेव्हा वाटायचं, आणि हे लिहितानाही थोडं वाटतंच. घरात मी आणि तो. एकदा मी त्याला खाटेवर ठेवलं, परसात गेले आणि कानात बोटं घालून बसले. बोटं काढली तरी तो रडतच होता, आणि त्या क्षणी मला तो नको होता. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. अशी बाई आई कसली, म्हणत मग त्याला उराशी घेऊन मीच हुंदके देत बसले.

त्याच आठवड्यात मागच्या आळीतली म्हातारी आली. तू शेतावर होतीस. "नजर लागली, बाई. तुह्या मायले सांगू नको, ते तं तोडून टाकंन," म्हणत तिने काळ्या धाग्यात ओवलेला बिब्बा पोराच्या कमरेला बांधला. आली म्हणजे काय, मीच तिला निरोप धाडला होता. तू घराघरात जाऊन बायांना असले धागे, ताईत काढायला लावायचीस. "दीक्षा घेतली ना आपून? मंग हे काय बांधून ठेवलं?" विहारात वंदना तू सांगायचीस आणि साऱ्याजणी तुझ्यामागे म्हणायच्या. अशा तुझ्या घरात मी बिब्बा आणला. धागा तुला दिसू नये म्हणून म्हटलं, आजपासून आंघोळ मीच घालते. तुझा चेहरा असा खुलला! तुला वाटलं, लेकीला पोराचा लळा लागला. "घाल बाई, घाल," म्हणत तू गरम पाणी काढून दिलंस. हे आठवलं की भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे मला बघवत नाही.

रडणं वाढलं. वाढणारच, बिब्बा उतला होता. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड उठतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. फोड दिसले, मी त्यावर पावडर लावली, आणि धागा तसाच ठेवला. वाटायचं, आज नजर उतरेल, उद्या उतरेल.

मग पौर्णिमा आली. वंदना आटोपून बाया पोराला बघायला आपल्या घरी आल्या आहेत. तो तुझ्या मांडीवर भोकाड पसरून. "ओला झाला असंल," म्हणत एकीने लंगोट सोडला. मी चहाचे कप घेऊन दारात उभी आहे. साऱ्याजणी बिब्ब्याकडे बघताहेत, त्याखालच्या फोडांकडे बघताहेत. "हे काय वो? आमच्या लेकरायचे तोडाले लावले तुनं, अन् घरी हे?" तू पोराच्या कमरेकडे पाहतेस. मग मान वर करून माझ्याकडे, फार नाही, कप सांडत तर नाहीत ना हे बघावं इतकंच. आणि म्हणतेस, "मीच बांधला. लय रडे, तं बांधला."

मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. मी चहा दिला. साखर बरोबर आहे का, तेही विचारलं.

बाया गेल्यावर तू कात्रीने धागा कापलास, फोडांवर खोबरेल तेल लावलंस. मी वाट बघत होते, तू मला झापशील, कपाळावर हात मारशील. तू एवढंच म्हणालीस, "आंघोळ उद्यापासून मीच घालत जाईन."

फोड वाळले, आणि डॉक्टर म्हणाले तसं रडणंही ओसरलं. पण विहारात तू पुढे बसणं सोडलंस. कुणी उठवलं नव्हतं, तूच मागे चपलांजवळच्या भिंतीला टेकून बसायला लागलीस. घरोघर जाणंही बंद. मी माहेरी यायचे ती ठरवून, की या खेपेला त्या बायांना सांगायचंच. आणि दर खेपेला तुझ्या हातची भाजी खाऊन, पिशवीभर तांदूळ घेऊन परत जायचे. मग तू गेलीस. पोरगा आता पुण्याला नोकरी करतो, फोनवर हो, नाही, ठेवतो याखेरीज बोलत नाही. सगळा आवाज तेव्हाच खर्चून टाकला असावा. कमरेवरचा काळा डाग अजून आहे. त्याने एकदा विचारलं, तर मी जन्मखूण म्हणून सांगितलं.

खरं तर हे तुला लिहायचंच नव्हतं. तुला सारं माहीत होतं. सांगायचं होतं त्या बायांना. गेल्या पौर्णिमेला मी गावच्या विहारात गेले होते. एक नवी बाळंतीण बसली होती, मांडीवरचं पोर रडून रडून लाल झालेलं, आणि ती स्वतः रडायच्या बेतात. त्या वेळच्या बायांपैकी एक, आता पार थकलेली, माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाली, "इच्या मायनं साऱ्यायचे धागे तोडले, अन् आपल्या नातवाले लपूनछपून बिब्बा बांधला." साऱ्या हसल्या. ती पोरगी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी खरं ऐकायला मिळेल म्हणून.

मी पण हसले, माय. आणि म्हणाले, "नातवापुढं ढिली पडली माय."