अकराव्या मजल्यावरची गृहभेट

९ जानेवारी, गुरुवार
लागली बाई नोकरी एकदाची! समाजकार्याची पदवी घेऊन सहा महिने घरी बसले होते, टोमणे मारून मारून आई थकली. आता घाटकोपरची संस्था. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी दर गुरुवारी भेट द्यायची. पहिल्याच रत्नप्रभा आजी, अकरावा मजला, मागे-पुढे कोणी नाही. त्यांच्या टाचेला जखम आहे. ती बघायची, चिघळली तर डॉक्टरकडे न्यायचं, एवढंच माझं काम. आजींना स्वतःला साखरेचा आजार आणि माझ्या हातावर ठेवली खोबऱ्याची वडी! झकास माणूस.

१६ जानेवारी
लिफ्ट बंद. अकरा मजले कोण चढणार यार? खाली वॉचमनला विचारलं, बऱ्या आहेत म्हणाला. फॉर्मवर लिहून टाकलं, भेट झाली, जखम बरी आहे. एकदाच हं. पुढच्या गुरुवारी नक्की जाईन.

३० जानेवारी
आज तिसऱ्यांदा तेच. शिवाय फॉर्मवर 'चहा घेतला, गप्पा मारल्या' हेही ठोकून दिलं. आमचे साहेब, हर्षद सर, त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. म्हणाले, शिका जरा मानसीकडून. लाजेने मेल्यासारखं झालं. तरी हसले मी, निर्लज्जासारखी.

४ फेब्रुवारी
आजींची शेजारीण प्रियंका मार्केटात भेटली. माझं कौतुकच सुरू केलं. म्हणे दर गुरुवारी भिंतीपलीकडून तुझा आवाज येतो, किती गोड बोलतेस गं. मला आत जाताना पाहिलंय तिने. गेल्या गुरुवारीसुद्धा.
तीन आठवडे मी त्या जिन्याकडे फिरकलेलेच नाही.

६ फेब्रुवारी
चढले. दाराला कान लावला. आजी रडत होत्या. बाय गो, पाय कुसलो, डॉक्टराक बोलय. आणि माझा आवाज — माझाच, देवा — शांतपणे म्हणत होता, जखम बरी आहे. पाय सडलाय, डॉक्टरला बोलाव, त्या विनवत राहिल्या. उत्तर तेच, मी लिहिलेलं, शब्दन् शब्द.
पळाले. आजींना तशाच टाकून पळाले मी.

७ फेब्रुवारी
सरांना सगळं कबूल केलं. नोकरी गेली तर जाऊ दे. ते हसलेच — म्हणे आत्ता तर आजींच्या फोनवरून तूच बोललीस, सगळं ठीक आहे म्हणून —

दुपारी, अकरावा मजला
ॲम्ब्युलन्स बोलावलीय. पायरीवर बसून लिहितेय, हात थांबला की रडू येतं.
बेल वाजवली. ओरडले, आजी, मी मानसी, तुम्हाला न्यायला आलेय. त्या किंचाळल्या. नको गो, तू नको, पाया पडतंय तुझ्या, माका एकटीक रवांदे.
एकटं राहणं चालेल, पण मी नको. माझ्या नावाला भ्यायल्या. मीच केलं हे.
आज पळणार नाही. काही झालं तरी —
कडी सरकतेय. आजींना उठता येत नाही. त्या आतून, लांबून, पलंगावरून ओरडतायत, बाहेरची मी खरी हे कळलंय त्यांना, पळ बाय, पळ —
मग कडी कोण